कम्री : एका देशाचं घरातलं नाव

श्रोतेहो, नमस्कार. आपण ज्याला वेल्स म्हणतो, त्या देशाला वेल्श बोलणारी माणसं काय म्हणतात, ठाऊक आहे? कम्री. रोमन लिपीत सी, वाय, एम, आर, यू. इंग्रजीच्या सवयीनं आपण 'सिम्रू' वाचून मोकळे होतो. पण वेल्शमध्ये सी म्हणजे कायम क. वायचा इथला उच्चार आपला साधा अ, र खणखणीत आणि शेवटचा यू म्हणजे ई. उत्तरेकडे ही ई जरा घशाकडे सरकते. जोर पहिल्या अक्षरावर. आपल्या देवनागरीत हे नाव किती सरळ उतरतं!

ब्रिटनच्या जुन्या ब्रिटॉनिक भाषेत 'कॉम्ब्रोगी' असा शब्द होता. कॉम् म्हणजे सोबत, ब्रोग् म्हणजे मुलूख. एकाच मुलखातले लोक. मुंबईत आपल्याकडचा माणूस भेटला की आपण 'गाववाला' म्हणतो ना, तशा मायेचा शब्द. इंग्लंडच्या वायव्येचं कंब्रिया हे नावही त्यातूनच आलं.

आणि वेल्स? अँग्लो-सॅक्सन लोक इथल्या मूळ रहिवाशांना 'वेआलास' म्हणत, म्हणजे परके. बाहेरून आलेल्यांनी घरच्यांना परकं म्हणावं, हे मला दर वेळी टोचतं. अक्रोडाच्या 'वॉलनट' या इंग्रजी नावातला 'वॉल'ही तोच. परक्या मुलखातलं फळ.

इंग्लंडमधून वेल्समध्ये शिरताना रस्त्याकडेला पाटी दिसते : 'क्रोइसो इ गम्री', वेल्समध्ये स्वागत. आता क चा ग कसा झाला? आपलं गाव पुणे, पण आपण राहतो पुण्यात. मराठी शब्दाचा शेवट बदलते, वेल्श सुरुवात. 'इ' म्हणजे 'कडे'. त्याच्यामागून येणारा क मऊ होऊन ग होतो. 'आणि वेल्स' म्हणायचं तर तोच क घशात घासून 'ख़म्री' होतो. आणि 'मी वेल्समध्ये राहतो' यातलं 'वेल्समध्ये' म्हणताना तो नाकात शिरतो. वाङ्मय म्हणताना येतो तो ङ, फक्त त्यात श्वास मिसळलेला. नवशिका शब्दकोशात 'ग'खाली शोधत बसतो आणि शब्द सापडत नाही. आधी मूळचा क ओळखावा लागतो.

२०२१च्या जनगणनेत वेल्समधल्या सुमारे ५,३८,००० लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येतं असं सांगितलं. त्यांच्या तोंडी हे नाव अशा चार रूपांत सहज फिरतं. चला, माझ्याबरोबर म्हणा : कम्री, गम्री, ख़म्री, ङ्हम्री.