वह्या वाटून झाल्यावर पुढे काय?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते घरच्यांनी आपल्या माणसाच्या आठवणीत काढलेल्या संस्थांबद्दल, स्मृती प्रतिष्ठान वगैरे म्हणतो ना आपण, आणि त्यातही ज्या शाळेतल्या पोरांसाठी काम करतात त्यांच्याबद्दल. मी एका पतसंस्थेत कामाला आहे, दिवसभर पावत्या आणि व्हाउचर, त्यामुळे बोलता बोलता गाडी हिशोबाकडे वळली तर सांभाळून घ्या.

आपल्या खान्देशात तुम्ही बघितलंच असेल, घरातलं कुणी गेलं की गंधमुक्तीच्या दिवशीच मंडपात कुणीतरी जिभाऊ विषय काढतो की नावाने काहीतरी करू या. मग जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत वह्या वाटप. कव्हरवर फोटो, खाली जन्माची आणि मृत्यूची तारीख, मागच्या बाजूला पाढे, आणि पाढ्यांच्या खाली कुठल्यातरी कृषी केंद्राची जाहिरात. पहिल्या वर्षी जोरात होतं, सरपंच येतात, शाल-नारळ होतं, दुसऱ्या वर्षी वह्या कमी आणि भाषणं तेवढीच, आणि तिसऱ्या वर्षी पुण्यतिथीला फक्त व्हॉट्सॲपवर फोटो फिरतो. मी नावं ठेवत नाहीये हां, दुःख खरंच असतं, पण दुःखाच्या भरात काढलेलं काम घरच्यांनी एकट्याने ओढायचं म्हटलं तर दोन-तीन वर्षांत दमतातच माणसं. जिथे बाहेरची चार माणसं आत आली आणि घरच्यांनी त्यांना येऊ दिलं, तिथेच काम टिकलेलं मी बघितलंय.

गिरणाकाठच्या एका गावातली संस्था मला जवळून माहितीये, नाव रेडिओवर नको, त्यांनाही नकोय. वडील एसटीत कंडक्टर होते, आई अंगणवाडी सेविका. मुलगी डीएड करत होती आणि सुट्टीत गल्लीतली पोरं गोळा करून ओट्यावर शिकवायची. हायवेवर ॲक्सिडेंटमध्ये गेली. पुढे कोर्टातून क्लेमचे पैसे आले तेव्हा घरात चर्चा सुरू झाली की पत्र्याच्या जागी स्लॅब टाकू, धाकट्याचं लग्न करू, आणि आईने एकाच वाक्यात विषय संपवला, "हाई मन्ही पोरना पैसा शे, ह्याले कोन्ही हात लावाना नही." त्या पैशातून संस्था निघाली.

आता संस्था काढायची तर १८६० च्या सोसायटी रजिस्ट्रेशन कायद्याखाली कमीत कमी सात माणसं लागतात. सात माणसं म्हटल्यावर काय, वडील अध्यक्ष, काका उपाध्यक्ष, मामा सचिव, आत्याचे मिस्टर खजिनदार, आणि उरलेल्या जागांवर ज्यांचं आधार कार्ड त्या दिवशी हाताशी होतं ते. सगळीकडे असंच होतं, त्यात काही गुन्हा नाही. पण प्रत्यक्ष रविवारी सकाळी सतरंजी कोण टाकणार, पोरांना घरून बोलावून कोण आणणार, तर त्यातलं एकही नाव नव्हतं. ते करत होती भलतीच माणसं. एक रिटायर झालेल्या प्राथमिक शिक्षिका, त्यांना सगळे बाईच म्हणतात. बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारा एक पोरगा. मेडिकलवाले आप्पा. एफवायला असलेली एक मुलगी. आणि केळीच्या गाडीवरचा एक ड्रायव्हर भाऊ, जो पुस्तकांची पेटी या गावाहून त्या तांड्यावर फुकट पोहोचवतो आणि वर म्हणतो, गाडी रिकामीच जाते ना ताई.

ती पेटी बघण्यासारखी आहे. लोखंडी ट्रंक, आत गोष्टीची पुस्तकं, झाकणाला आतून चिकटवलेलं रजिस्टर, त्यात पोराचं नाव, पुस्तकाचं नाव, नेल्याची तारीख, आणलेल्याची तारीख, आणि शेवटी एक रकाना 'पुस्तकाला काय झालं' असा. त्या रकान्यात काय काय लिहिलंय वाचा कधी. पान फाटलं, बकरीने कोपरा खाल्ला, लहान भावाने रंगवलं. आणि जागोजागी 'चीक'. केळीचा चीक लागला की काळा डाग पडतो, तो कपड्यावरून जात नाही तर कागदावरून कुठला जातोय. मामा लोकांचं सुरुवातीला म्हणणं होतं की डाग पडला तर दहा रुपये दंड लावा, शिस्त लागेल. बाई म्हणाल्या, अहो डाग पडला म्हणजे पोरगं पुस्तक केळीच्या वावरात घेऊन गेलं होतं, मायबाप घड उतरवत होते आणि हे बांधावर बसून वाचत होतं, आता याला दंड करू की पेढा देऊ? दंड काही लागला नाही.

बाईंची शिकवायची पद्धतही साधीच. पोरगं वाचत असताना मधे तोंड घालायचं नाही, अडलं तरी थांबायचं, वाक्य संपू द्यायचं आणि मग तेच वाक्य आपण सावकाश वाचून दाखवायचं. मी एकदा बघितलं, तिसरीतला पोरगा एका जोडाक्षरावर अडकला, शेजारची पोरगी सांगायला गेली तर बाईंनी तिच्या तोंडावरच हात ठेवला. पोरगा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आलं, आणि मग पुढची दोन पानं कुणाला हातच लावू देईना, "बाई, आते मी वाचस." हे काम शाल-नारळवाल्या पाहुण्यांना होणार आहे का?

इथे मला बहिणाबाई आठवतात. असोद्याची बाई, अक्षरओळख नाही, ओव्या मुलाने सोपानदेवांनी आणि मावसभावाने उतरवून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या तेव्हा ती वही घरातच होती. सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि अत्रे धरूनच बसले की हे छापलंच पाहिजे, आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. घरच्यांनी जपलं म्हणून वही राहिली हे खरं, पण बाहेरच्या माणसाच्या हातात दिली म्हणून ती तुमच्या-माझ्यापर्यंत आली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. सोपानदेवांनी वही ट्रंकेत ठेवून फक्त पुण्यतिथीला फुलं वाहिली असती तर?

तर परत गिरणाकाठी येऊ. भांडण कशावरून झालं, तर शिष्यवृत्तीवरून. संस्था दरवर्षी काही पोरांची फी आणि पुस्तकं करायची, आणि यादी बनायची घरात. यादीत भाचे, चुलत भावाची मुलं, एक जण तर असा की ज्याच्या बापाकडे ट्रॅक्टर. झेरॉक्सवाल्या पोराने मीटिंगमध्ये तोंडावर विचारलं, दादा, ही संस्था ताईच्या नावाची आहे का भाऊबंदकीची? खूप तापलं. वडील दोन महिने मीटिंगला आले नाहीत. मला विचाराल तर मला दोघांचंही पटत होतं, कारण ज्या बापाची पोरगी गेली त्याला तोंडावर असं बोलायला जिगर लागते आणि ते ऐकून घ्यायला त्याहून जास्त.

शेवटी आईनेच मार्ग काढला. सात जागांत घरचे दोन, बाकी पाच काम करणारे. पोरांची निवड घरच्यांनी करायचीच नाही, त्या खोलीत बसायचंसुद्धा नाही. असा बदल झाला की धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो, नाहीतर कागदावर जुनेच पदाधिकारी राहतात आणि बँक नवीन सह्या घेत नाही. आपल्याकडे कितीतरी संस्था इथेच अडकल्यात, अध्यक्ष वारलेत आणि कागदावर अजून सही त्यांचीच चालते. काकांचा राजीनामा मिळवायला मेडिकलवाल्या आप्पांनी किती चहा प्यायला ते त्यांनाच माहिती.

आणि नवीन मंडळींनी पहिलं काम काय केलं तर वह्या वाटप बंद. त्याऐवजी आठवीच्या पोरांचे एनएमएमएसचे फॉर्म. ज्यांना माहिती नाही त्यांना सांगते, ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, आठवीत परीक्षा द्यायची, पास होऊन यादीत नाव आलं तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० पोराच्या खात्यावर. सरकारी, अनुदानित किंवा जिल्हा परिषद-नगरपालिकेच्या शाळेत असलं पाहिजे आणि आईबापाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. आता बघा, उत्पन्नाचा दाखला काढायचा म्हणजे तलाठी, सेतू, रोज बुडवून चकरा, आणि आधारवर नाव एक, शाळेत दुसरं, पासबुकात तिसरं. पोरगं हुशार असतं आणि नावातल्या एका वेलांटीवर फॉर्म अडकतो. एफवायची मुलगी आणि झेरॉक्सवाला हे दोघं मिळून तेच करतात, फॉर्म, दुरुस्ती, दाखला, आणि रविवारी जुने पेपर सोडवून घेतात. संस्थेचा खर्च म्हणाल तर झेरॉक्स आणि पेट्रोल. वह्यांच्या पैशापेक्षा यातून पोरांच्या हातात कितीतरी पटीने जास्त पडतं, हे माझं मत नाही, गणित आहे.

दुसरं काम दिवाळीनंतरचं. चाळीसगाव पट्ट्यातल्या तांड्यांवरून मुकादमाची उचल घेतलेली माणसं ऊसतोडीला निघतात, ट्रक भरतो, त्यात भांडी, कोंबड्या आणि शाळेतली पोरं. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, म्हणजे पोरगं गावातच आजीकडे नाहीतर मावशीकडे राहील आणि जेवणाची सोय होईल, पण त्याचं आईबापाशी बोलायचं कुणी आणि कधी? ट्रक उभा राहिल्यावर बोलून उपयोग नाही. बाई नवरात्रातच तांड्यावर जाऊन बसतात. काही पोरं थांबतात, काही जातात, कारण धाकट्याला सांभाळायला कोण? जी जातात त्यांच्याकडे शिक्षण हमी कार्ड द्यायला शाळेच्या मागे लागायचं, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. यात दरवर्षी यश येतंच असं अजिबात नाही आणि बाई ते लपवत पण नाहीत, अहवालात 'गेलेली मुलं' असा वेगळा रकाना आहे.

हिशोबाचं मी बोलणारच होते. दोन हजारांवर रोख देणगी दिली तर देणगीदाराला ८०जीची, म्हणजे देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट मिळत नाही, म्हणून चेक नाहीतर यूपीआय. आणि ज्यांनी नवीन टॅक्स पद्धत घेतलीय त्यांना ही सूट मिळतच नाही, तरी लोक देतात, हे मला भारी वाटतं. देणगीदारांचं स्टेटमेंट ३१ मेच्या आत इन्कम टॅक्सला भरायचं, चुकलं तर दिवसाला २०० रुपये. आणि स्वयंसेवकांना पेट्रोलचे पैसे द्या हो, व्हाउचर करून राजरोस द्या. "सेवा आहे, पैसे कशाला" असं ज्यांच्याकडे फोर व्हीलर असते तेच बोलतात. ड्रायव्हर भाऊ घेत नाही ही त्याची मर्जी, पण एफवायच्या पोरीने बसभाडं घरून का मागायचं?

अजून एक, फोटोचं. पोराच्या हातात पेन देताना चार जण पकडून उभे आणि पोरगं बिचारं कॅमेऱ्याकडे बघतंय, असे फोटो या मंडळींनी बंद केलेत. पोरांचे फोटो कुणाच्या स्टेटसवर जायचे नाहीत, कुणीही मोठा माणूस एकट्या पोराला घेऊन दार लावून बसणार नाही, आणि नवीन येणाऱ्याची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. गावात लोक हसले, बाईंची कसली पडताळणी म्हणे. बाईंनी स्वतःचीच पहिली करून घेतली.

कार्यक्रमाची तारीख पण बदलली. आधी पुण्यतिथीला असायचा, ती येते मार्चमध्ये, तेव्हा पोरांच्या परीक्षा. आता जुलैत तिच्या वाढदिवसाला असतो. आईला विचारायला कुणाची हिंमत होईना, शेवटी आप्पांनी विचारलं तर त्या म्हणाल्या, मी पण तेच सांगणार होते, मार्चमध्ये मला घरातून निघवत नाही.

सध्या नवीन वाद चाललाय. मुंबईला असलेल्या एका नातेवाइकाने हॉल बांधून द्यायचं कबूल केलंय, वर संगमरवरी पाटी, मोठं नाव. वडिलांना हवाय, साहजिक आहे. बाईंना हवीय दुसरी पेटी, तिसरी पेटी, आणि जमलं तर एक सेकंडहँड ओमनी. झेरॉक्सवाला म्हणतो हॉल झाला की लग्नालाच भाड्याने जाईल. मला स्वतःला हॉल नको वाटतो, कारण त्याची घरपट्टी, लाइटबिल आणि गळकं छत हे सगळं माझ्यासारखीच्याच टेबलावर येणार. मागच्या मीटिंगला आईने एवढंच विचारलं की सोमवार ते शनिवार हॉलची किल्ली कुणाकडे राहील, त्यावर अजून कुणी हात वर केलेला नाही. पुढची मीटिंग पोळ्यानंतर आहे. चला, माझी वेळ संपलीय, समोरून खुणा चालू झाल्यात. नमस्कार.