कुजबुजत म्हटलेलं रॅप

[दृश्य: मॅनहॅटनचा गजबजलेला फुटपाथ. रेकॉर्डचे खोके.]

नवा अल्बम आला की हा माणूस न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या फुटपाथवर येऊन उभा राहायचा. बरोबर रेकॉर्डचे खोके. चाहते यायचे, तो त्यांच्याशी बोलायचा आणि रेकॉर्ड स्वतः हातात द्यायचा. मध्ये ना कंपनी, ना दुकानदार.

त्याचं नाव कासीम रायन. रॅपच्या दुनियेत नुसता 'का'. मराठी कानाला हे नाव प्रश्नासारखं ऐकू येतं, आणि त्याची गाणी ऐकताना ते अगदी योग्य वाटत राहतं. नोकरी मात्र वेगळीच: न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात कॅप्टन.

आज त्याचा एकच अल्बम ऐकू. 'ऑनर किल्ड द सामुराई', म्हणजे सामुराईला, त्या जपानी योद्ध्याला, इभ्रतीनं मारलं. ऑगस्ट २०१६. दहा गाणी.

[ध्वनी: पहिल्या गाण्याची सुरुवात. दहा सेकंद काही बोलायचं नाही.]

काय नाहीये, ते लक्षात आलं? ड्रम. रॅप म्हटलं की ठेका आधी येतो आणि शब्द त्यावर स्वार होतात. इथे बऱ्याच जागी ठेका जवळजवळ काढूनच टाकलाय. मागे एखादी तार, एखादा जुना सूर, आणि पुढे हा आवाज. तोही चढा नाही. रात्री घरातलं कुणी जागं होऊ नये म्हणून बोलावं, तसा. मग ताल धरायचा कुणी? शब्दांनी. यमक ओळीच्या शेवटाची वाट पाहत नाही; ओळीच्या पोटात दोनदा-तीनदा येऊन जातं. लक्ष जरा हललं की चार ओळी हातच्या गेल्या. मागे जाऊन पुन्हा ऐकावं लागतं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना अर्थ बदललेला असतो.

एका गाण्याचं नुसतं नाव घ्या: 'मोर्न ॲट नाइट'. कागदावर वाचलं तर रात्रीचा शोक. कानाने ऐकलं तर रात्रीच उगवलेली सकाळ. दुसऱ्या एका गाण्याचं नाव 'जस्ट'. म्हणजे 'फक्त', आणि म्हणजेच 'न्याय्य'. आपल्याकडे याला श्लेष म्हणतात. बहुतेक जण श्लेष गंमत म्हणून करतात. 'का' श्लेष करतो तेव्हा दोन्ही अर्थ खरे असतात आणि दोन्ही बोचतात.

[दृश्य: ब्राउन्सव्हिल, ब्रुकलिन. सरकारी घरांच्या उंच विटकरी इमारती.]

तो वाढला तो ब्राउन्सव्हिलमध्ये, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या पूर्व भागात. १९८०च्या दशकात क्रॅक कोकेन या अमली पदार्थानं ही वस्ती पोखरली. अशा गल्लीचा एक अलिखित कायदा असतो: मित्राला दगा द्यायचा नाही, पोलिसांपुढे तोंड उघडायचं नाही, शब्द फिरवायचा नाही. याच कायद्यानं पोरांना ताठ उभं केलं आणि याच कायद्यापायी त्यांचे जीव गेले. सामुराई इथे शोभेला आणलेला नाही. धन्यासाठी, शब्दासाठी मरणारा तो योद्धा 'का'ला आपल्या गल्लीत दिसला. आणि 'का' त्या पोरांचे पोवाडे गात नाही. जे गेले त्यांची नोंद ठेवतो.

या अल्बमपर्यंत यायला त्याला उशीर लागला. १९९०च्या दशकात 'नॅचरल एलिमेंट्स' या गटात होता, पुढे रॅप सोडून दिलं. २००८ मध्ये 'आयर्न वर्क्स' हा अल्बम स्वतःच काढला. तो वू-टँग क्लॅन या गाजलेल्या रॅप गटातल्या जिझाच्या कानावर गेला आणि त्यानं 'का'ला आपल्या अल्बमवर घेतलं. तेव्हा 'का'चं वय होतं छत्तीसच्या घरात. रॅपमध्ये या वयात लोक निवृत्तीची भाषा करतात.

२०१६च्या त्याच ऑगस्टमध्ये 'न्यूयॉर्क पोस्ट' या वृत्तपत्रानं ठळक बातमी केली: अग्निशमन दलाचा कॅप्टन पोलिसविरोधी रॅप करतो. ज्याच्या गाण्याची एकेक ओळ तीन-तीनदा ऐकावी लागते, त्याच्या सुट्या ओळी वेचून आरोपपत्र केलं. हा अन्याय होता, असं मला आजही वाटतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या वेळी मदतीला धावलेल्यांत हा माणूस होता. संगीतातले लोक आणि चाहते त्याच्या पाठीशी उभे राहिले. तो पुढेही लिहीत राहिला.

[दृश्य: काळा पडदा. मग रेकॉर्डवर टेकणारी सुई.]

ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचा 'द थीफ नेक्स्ट टू जीझस' आला. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी 'का' अचानक गेला. वय ५२.

सामुराई मरणाआधी एक छोटी कविता लिहून ठेवत. २०१६च्या या अल्बमवरचं शेवटचं गाणं आहे 'आय विश', आणि त्यापुढे कंसात 'का'नं लिहिलंय: मृत्यूची कविता. ते आता लावतोय. आवाज थोडा वाढवा, तो हळूच बोलतो.