प्रभू चार दिवस उशिरा आला तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला बोलायचं आहे ते मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षानुवर्षं राबणाऱ्या माणसांशी. रविवारच्या शब्बाथशाळेत मुलांना शिकवणारी, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणारी, कुणाच्या घरी दुःखद घटना घडली की निरोपाची वाट न पाहता जाऊन उभी राहणारी ही माणसं. दुसऱ्यांच्या घरी सांत्वनाची वचनं त्यांनी इतक्यांदा वाचलेली असतात की ती त्यांना तोंडपाठ असतात. आणि मग एक दिवस त्यांच्याच घरातलं माणूस जातं. प्रार्थना झालेली असते, उपास झालेला असतो, साऱ्या मंडळीने नाव घेऊन मागितलेलं असतं, आणि तरीही ते माणूस जातं.

त्यानंतर त्यांच्या मनात एक वाक्य येतं. ते कुणाला बोलून दाखवत नाहीत, कारण लोक म्हणतील, इतरांना धीर देणाऱ्याचाच विश्वास ढळला. ते वाक्य असं असतं: प्रभू, इतकी वर्षं तुझी सेवा केली, मग माझ्याच घरी हे का?

हा प्रश्न पाप आहे असं मला वाटत नाही. पण त्याच्या तळाशी एक समजूत दडलेली असते, ती उजेडात आणायला हवी. सेवा म्हणजे विम्याचा हप्ता, तो वेळेवर भरला की संकट आलं तरी देव भरपाई करील, असं आपण तोंडाने कधी म्हणत नाही. मनात मात्र धरून चालतो. सुखाचे दिवस असतात तोवर या समजुतीचा पत्ताही लागत नाही. दुःख आलं की पहिल्यांदा तीच मोडते, आणि आपल्याला वाटतं विश्वासच मोडला.

बायबलमध्ये लूकने लिहिलेल्या प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय उघडून पाहा. सुरुवातीलाच हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारल्याचं लिहिलं आहे. एवढा मोठा प्रेषित, प्रभू येशूच्या अगदी जवळच्या तिघांपैकी एक, आणि त्याच्या मृत्यूला एकच वाक्य. मग पेत्राला धरतात, मंडळी त्याच्यासाठी एकाग्रतेने प्रार्थना करते, रात्री देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. अध्याय तोच, राजा तोच, मंडळीही तीच. एक जण मारला गेला आणि एक सुटला. याकोब का गेला आणि पेत्र का राहिला, याचं कारण लूक देत नाही. याकोबाची सेवा कमी पडली असंही म्हणत नाही आणि त्याच्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांचा विश्वास उणा होता असंही म्हणत नाही. पवित्र शास्त्र जिथे गप्प राहिलं तिथे आपणही गप्प राहावं, असं मला फार वाटतं. कारण अशा जागी माणसांनी घाईघाईने दिलेली उत्तरं दुःखी माणसाला दुसऱ्यांदा घायाळ करतात.

आता बेथानीला जाऊ. यरुशलेमपासून सुमारे तीन किलोमीटरवरचं हे गाव, आणि तिथलं मार्था, मरीया या बहिणी आणि त्यांचा भाऊ लाजर यांचं घर. मार्था म्हटलं की आपल्याला लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली मार्था आठवते, कामाच्या धबडग्यात बहिणीवर चिडलेली. "मार्थे, मार्थे, तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस," असं प्रभू तिला म्हणाला. तेवढ्यावरूनच अनेक उपदेशांतून तिला बोल लावले जातात, आणि मला वाटतं तिच्यावर थोडा अन्याय होतो. ती सेवा करणारी बाई होती. प्रभू घरी आला की त्याच्या जेवणाखाण्याचं पाहणारी ती होती. आज मी ज्यांच्याशी बोलतो आहे त्या साऱ्यांची ती थोरली बहीण आहे.

लाजर आजारी पडला तेव्हा या बहिणींनी निरोप पाठवला, "प्रभूजी, ज्याच्यावर आपली प्रीती आहे तो आजारी आहे." या निरोपात मागणं नाही. लगेच या, बरं करा, असं काही नाही. नातं जुनं होतं, तेवढं कळवलं की पुरे, असा त्यांचा भरवसा. आणि यापुढे योहान आपल्या शुभवर्तमानात दोन वाक्यं लागोपाठ लिहितो. मार्था, तिची बहीण आणि लाजर यांच्यावर येशूची प्रीती होती. आणि लाजर आजारी आहे हे ऐकल्यावर येशू होता त्याच ठिकाणी आणखी दोन दिवस राहिला.

श्रोतेहो, या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आपल्यातले कितीतरी जण राहत आहेत. प्रीती आहे हे ठाऊक आहे, आणि प्रभू आला नाही हेही ठाऊक आहे. योहानाने उशीर लपवला नाही आणि प्रीतीही पुसली नाही.

प्रभू पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. तो येतोय हे कळताच मरीया घरात बसून राहिली, मार्था मात्र उठून गावाबाहेर त्याला भेटायला गेली. आणि भेटल्याबरोबर म्हणाली, "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." नंतर मरीया आली, तिच्याही तोंडी शब्दशः तेच वाक्य. चार दिवस त्या घरात दोघी बहिणींमध्ये हेच बोलणं चाललं असणार. तो असता तर. त्या वाक्यात विश्वासही आहे आणि गाऱ्हाणंही आहे, आणि मार्थेने ते दोन्ही वेगळे केले नाहीत. जसं मनात होतं तसं ती प्रभूच्या तोंडावर बोलली.

मला इथेच प्रार्थनेचं मर्म दिसतं. जे गाऱ्हाणं आपण देवाला सोडून इतरांपाशी मांडतो, ते हळूहळू कडवट होत जातं. मार्थेने ते घेऊन वाट चालली आणि ज्याच्याविषयी तक्रार होती त्याच्याचपुढे ठेवलं. तिला फटकारलं गेलं नाही. उलट, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे," हे साऱ्या शुभवर्तमानातलं एवढं मोठं वचन प्रभूने कुठल्या सभास्थानात नाही, गावाबाहेरच्या वाटेवर एका रडवेल्या बहिणीला दिलं.

तिने कबुली दिली, तू ख्रिस्त आहेस असा माझा विश्वास आहे. एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर ती फारच सुबक झाली असती. पण थोड्याच वेळाने कबरेपाशी प्रभू म्हणतो, धोंड काढा, आणि तीच मार्था म्हणते, प्रभूजी, आता त्याला दुर्गंधी येत असेल, चार दिवस झालेत. मघाशी पुनरुत्थानाची कबुली देणारी बाई आता प्रेताच्या वासाविषयी बोलते. हे किती खरं आहे! दफनविधीला "अरे मरणा, तुझा विजय कुठे?" असं मनापासून म्हणणारा माणूस घरी येऊन गेलेल्याच्या चपला दाराशी पाहतो आणि कोसळतो. विश्वास आणि चपला दोन्ही एकाच घरात असतात. प्रभूने मार्थेला तिच्या विश्वासाची आठवण करून दिली, पण तिला बाजूला सारलं नाही, आणि तिच्या समजेवर अडून बसून लाजरालाही कबरेत ठेवलं नाही; त्याला हाक मारून जिवंत बाहेर आणलं.

आणि त्याआधी प्रभू रडला. थोड्याच वेळात लाजर बाहेर येणार हे ज्याला ठाऊक होतं तोच रडला. तेव्हा पुनरुत्थानावर विश्वास असेल तर रडू नये, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. प्रेषित पौलानेही थेस्सलनीकाकरांना लिहिताना शोक करूच नका असं सांगितलं नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, एवढंच सांगितलं.

तुमच्यातले काही जण म्हणतील, मार्थेचा भाऊ परत आला, आमचा आला नाही. खरं आहे, आणि याला मी वळसा घालणार नाही. पण लाजरही पुढे कधीतरी पुन्हा मेला. बेथानीतल्या त्या चिन्हाने मरण कायमचं टळलं नाही. त्या दिवशी दिसलं ते एवढंच, की कबरेपाशी शेवटचा शब्द कुणाचा आहे. ख्रिस्ती माणसाचा भरवसा त्या शब्दावर आहे, आपल्या मागण्या मान्य होण्यावर नाही. मागण्या तर देवाच्या पुत्राच्या, येशूच्याही मान्य झाल्या नाहीत. "अब्बा, बापा, तुला सर्वकाही शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर," असं त्याने गेथशेमाने बागेत मागितलं. तेच मागणं त्याने पुन्हा केलं, आणि प्याला दूर झाला नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी, निरोपांच्या गर्दीत, त्याने एक ओळ लिहून ठेवली आहे: त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक इफिसात बरे होत होते, त्याला आपल्या सोबत्याला आजारी ठेवून पुढे जावं लागलं. त्या ओळीत स्पष्टीकरण नाही आणि लाजही नाही. सेवा करणाऱ्यांनी ही ओळ जपून ठेवावी.

पंडिता रमाबाईंचं शेवटचं वर्ष आठवतं. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. तेव्हा त्या २४ वर्षांच्याही नव्हत्या, आणि कडेवर तान्ही मनोरमा होती. पुढे ख्रिस्ताला ओळखल्यावर त्यांनी शारदा सदन काढलं, केडगावला मुक्ती सदन उभं केलं, दुष्काळातल्या अनाथ मुली आणि विधवा गोळा करून आणल्या. मनोरमा त्यांच्या कामात खांद्याला खांदा लावून उभी होती, पुढे सारं तीच सांभाळणार होती. जुलै १९२१ मध्ये ती गेली. थकलेली आई मागे राहिली.

रमाबाईंच्या हातात तेव्हा शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम होतं. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत ते व्हावं म्हणून त्या उतारवयातही हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या होत्या. मुलगी गेल्यावर त्यांनी ते खाली ठेवलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूपाशी गेल्या, तोवर ते काम त्यांनी तडीस नेलं होतं. त्या महिन्यांत त्यांनी एकांतात देवाला काय विचारलं असेल, हे त्यांचं आणि देवाचं. पण ज्या देवाने मुलगी नेऊ दिली त्याचाच शब्द ओळीओळीने त्या लिहीत होत्या, हे आपल्याला दिसतं. मला यात कर्तबगारीपेक्षा जवळीक जास्त दिसते. रागावलेलं असो, रडत असो, मूल ज्या घरी राहतं ते आपलं म्हणूनच राहतं.

मात्र एक इशारा द्यायला हवा. दुःख विसरण्यासाठी सेवेत बुडून जाणं आणि दुःखासकट सेवेत परतणं, या दोन फार निराळ्या गोष्टी आहेत. दफन झाल्यावर दुसऱ्याच रविवारी कुणी पुन्हा वर्गावर उभं राहिलं तर आपण कौतुकाने म्हणतो, काय विश्वास आहे! कदाचित असेलही. कदाचित त्या माणसाला घरी बसवत नसेल. पाळकांनी आणि मंडळीच्या वडीलजनांनी अशा सेवकाला सांगावं, या वेळी तुमचा वर्ग दुसरा कुणी घेईल, तुम्ही मागच्या बाकावर बसा आणि गीत आम्ही म्हणतो ते ऐका. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं आणि खायला दिलं. पुढची कामगिरी नंतर आली.

आणि मंडळीला एक विनंती. सारं काही गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी एक शब्द बोललं नाही. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं. आपण पहिल्या दिवशी गर्दी करतो आणि महिन्याभराने त्या घराकडे कुणी फिरकत नाही. गेलेल्याचा चष्मा अजून त्याच्या शास्त्राच्या पानांत तसाच असतो आणि तो काढावा की नाही हे घरच्यांना कळत नसतं. त्या वेळी जा. देवाची इच्छा होती, असं म्हणू नका. गेलेल्याचं नाव घ्या, त्याच्या आठवणी सांगा, ऐका.

ज्याला आज प्रार्थनाच सुचत नाही त्याच्यासाठी पवित्र आत्मा शब्दांपलीकडच्या कण्हण्याने मध्यस्थी करतो, असं रोमकरांस पत्रात लिहिलं आहे. त्यावर विसंबा. आणि शब्दच हवे असतील तर स्तोत्र १३ काढा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत दावीद चार वेळा देवाला विचारतो, कोठवर? पाचव्या वचनात तो म्हणतो, मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. पहिल्या दोन वचनांपासून पाचव्यापर्यंत पोहोचायला त्याला किती काळ लागला, हे स्तोत्रात लिहिलेलं नाही. आज रात्री तुम्हाला दुसऱ्या वचनापुढे जाता आलं नाही तर तिथेच थांबा, शास्त्र मिटून झोपा. पुढची वचनं तेवढी मंडळीतल्या कुणाला तरी तुमच्या वतीने वाचायला सांगा.