उटणं: शब्द आणि चोळणं

नमस्कार मंडळी, दिवाळी मेळाव्यात बोला म्हणाले तर मी उटण्यावरच बोलायचं ठरवलं, कारण यंदा इथल्या किराणा दुकानात त्याची पाकिटं दिसली अन् पाकिटावर नुसतं सुगंधी सुगंधी लिहिलेलं.

पण शब्दात वास कुठंच नाही! संस्कृतात उद्वर्तन, म्हणजे अंगावर खालून वर चोळणं. प्राकृतात त्याचं उव्वट्टण झालं, हिंदीनं त्यातल्या व चा ब करून उबटन केलं, आपण तो व गाळला अन् राहिलं उटणं. आमचं गाव वरुडकडलं, सातपुड्याच्या पायथ्याशी, डोंगर ओलांडून मध्य प्रदेशात मुलताईकडं गेलं की तेच उबटन होतं, वस्तू एकच.

वाग्भटानं अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात दिनचर्येतच उद्वर्तन सांगितलंय, कफ कमी होतो, मेद विरघळतो, अंग घट्ट होतं, कातडी उजळते. सगळे गुण चोळण्याचे, वासाचा एकही नाही. चंदनाची उटी वेगळी बरं का, ती थंडाव्यासाठी लावून ठेवायची, पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत विठ्ठलाला लावतात ती. उटणं मात्र रगडून काढायचं.

आमच्याकडं त्यात संत्र्याची साल हवीच. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चात निघतात, तेव्हाची सालं माय उन्हाळाभर माळवदावर वाळवायची, मग नागरमोथा, गवला कचोरा, वाळा, आंबेहळद सगळं कुटून वस्त्रगाळ करायचं. वस्त्रगाळ म्हणजे पातळ फडक्यातून गाळलेलं, चाळणीनं तो बारीकपणा येतच नाही, अन् जाडंभरडं राहिलं की लेकरं ओरडतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी तिळाचं तेल जिरवायचं अन् मग आजी हाताची, पाठीची अशी रगडपट्टी करायची की थंडी कुठल्या कुठं पळायची.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, पाकीट आणा, काही हरकत नाही, पण साबणासारखं नुसतं फासून धुवू नका. इथल्या कोरड्या हवेत मुलतानी माती टाकूच नका, कातडी ओढते, त्याऐवजी उटणं दुधाच्या सायीत भिजवा. अन् लेकरांना स्वतःच्या हातानं चोळून द्या, खालून वर.