कार्ब्युरेटरवर संशय घेण्यापूर्वी

मित्रहो, ‘एमजीबीच्या (म्हणजे त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या) इंजिनात घरच्या घरी करण्याजोग्या सुधारणा’ हा आजचा जाहीर विषय आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु तत्पूर्वी एक जुनी तक्रार ऐकून घ्यावी, ही विनंती.

इंजिन अडखळले की आपला पहिला संशय हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरवर जातो. माझ्या परिचयातील एका गृहस्थांच्या गाडीला एका नावाजलेल्या वर्कशॉपने दोन्ही एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर उघडून नव्या सुया आणि नवे जेट बसवले, भरभक्कम बिल दिले, आणि गाडी पूर्वीइतक्याच निष्ठेने धक्के देत घरी परतली. इंजिनाचे वरचे झाकण काढले तेव्हा दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हांच्या (जळका धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या) टॅपेटांना, म्हणजे झडप उघडणाऱ्या यंत्रणेला, हवी ती फटच उरलेली नव्हती. सीट, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो ती कडा, झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो, फट मिटते, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि अखेर जळतो. अशा इंजिनावर कार्ब्युरेटर जुळवणे व्यर्थ आहे. टॅपेटांचा आवाज सभ्य वाटत नाही म्हणून ते आवळून गप्प करणारे मालकही मी पाहिले आहेत. (हसू नका, त्यांपैकी काही याच सभागृहात आहेत.)

या 1798 सीसीच्या इंजिनाला थंड असताना इंचाच्या 15 हजारांश भागाइतकी फट लागते. व्हॉल्व्ह आठ, आठवा पूर्ण उघडलेला असताना पहिला तपासायचा, सातवा उघडलेला असताना दुसरा, म्हणजे क्रमांकांची बेरीज नेहमी नऊ. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), पाना आणि स्क्रूड्रायव्हर एवढेच साहित्य पुरते. आपल्या अॅम्बॅसेडरचे 1489 सीसीचे इंजिन याच बी-सिरीज घराण्यातले असल्याने, तिच्यावर हात बसलेल्या जुन्या मिस्त्रींना हे काम परके वाटत नाही. पण त्यांना विचारतो कोण?

अध्यक्ष महाराज घड्याळ दाखवीत आहेत, तेव्हा कबूल केलेल्या सुधारणा आता भरभर सांगतो. टॅपेट, मग इग्निशन, मग कार्ब्युरेटर, हा क्रम मोडू नये. ठिणगीसाठी विद्युतप्रवाह तोडणाऱ्या जुन्या पॉइंटच्या जागी डिस्ट्रिब्युटरमध्येच मावणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन अवश्य बसवावे. मात्र सुरुवातीच्या, 1967 पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, म्हणून संच मागवण्यापूर्वी ते पाहावे. टायमिंग लावल्यानंतरच, दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडाशी रबरी नळी धरून हवेचा आवाज सारखा येईपर्यंत ते जुळवावेत. त्यांच्या डॅम्परमध्ये (कार्ब्युरेटरमधल्या पिस्टनची चाल संथ करणाऱ्या भागात) तेल नसेल तर अॅक्सिलरेटर एकदम दाबताच तो पिस्टन झटकन वर जातो, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि गाडी दचकते; यावरचा उपाय चमचाभर तेलाचा आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खराब करते, त्या बदलाव्यात. शिसेविरहित पेट्रोलसाठी एक्झॉस्टला कठीण सीट बसवणे उत्तम, परंतु ते काम हेड उतरवून मशीन शॉपमध्येच करावे लागते.

उरलेले प्रश्न चहाच्या वेळी विचारावेत. ओव्हरड्राइव्हविषयी (त्या जादा वेगवान गिअरविषयी) मात्र विचारू नये, कारण तो गिअरबॉक्सचा प्रांत आहे आणि अध्यक्ष महाराज आता उभे राहिले आहेत.