मामूच्या घरचा शिरखुर्मा

मगाशी एक चिठ्ठी आली, ती आधी घेतो. "मामू व्याजाने पैसे फिरवतात. ईदला त्यांच्याकडे शिरखुर्मा प्यायचा की नाही?" खाली नाव नाही, ते बरंच झालं. मामू बहुतेक इथंच कुठंतरी बसले असतील.

हराम, म्हणजे धर्माने मना केलेलं, दोन तऱ्हेचं असतं. दारू किंवा डुकराचं मांस ही वस्तूच हराम. कुणी कितीही मायेने पुढं केली तरी नाही. दुसऱ्या तऱ्हेत वस्तू साफ असते, पैसा वाकड्या वाटेने आलेला असतो, जसा व्याजाचा. शेवया, दूध, खारीक यांनी कुणाचं काय घोडं मारलंय? घोळ इथंच होतो.

हाच सवाल पैगंबरांचे साथी हजरत अब्दुल्ला इब्न मसऊद यांना एकाने विचारला होता. शेजारी उघड उघड व्याज खातो आणि मला जेवायला बोलावतो, काय करू? ते म्हणाले, जा. जेवण तुझं, गुन्हा त्याच्या माथी. आता हे काही व्याजाला हलकं समजणारे नव्हते. कुरआनातल्या सूरह बकराच्या 279व्या आयतीत व्याज न सोडणाऱ्यांना अल्लाह आणि त्याच्या रसूलकडून, म्हणजे पैगंबरांकडून, युद्धाचा इशारा आहे, तो त्यांना पाठ होता. तरी ताटावरून उठ असं त्यांनी सांगितलं नाही.

यावर कुणीतरी पहिले खलिफा हजरत अबू बक्र यांचं उदाहरण काढतंच. त्यांच्या गुलामाने आणलेलं त्यांनी खाल्लं, नंतर कळलं की ते भविष्य सांगितल्याच्या मोबदल्यात मिळालेलं. घशात बोटं घालून सगळं ओकून टाकलं. खरं आहे. पण तो गुलाम आपल्या कमाईतला ठरलेला हिस्सा त्यांना देत असे. म्हणजे प्रश्न त्यांच्याच घरच्या मिळकतीचा होता. आपण मात्र स्वतःच्या दुकानाचा हिशोब बाजूला ठेवतो आणि मामूच्या वाटीत डोकावतो.

चोरीचं तेवढं वेगळं. मामूने शेजाऱ्याची बकरी कापली आणि तुम्हाला ते ठाऊक आहे, तर ती बकरी अजून शेजाऱ्याचीच. तिथं हात धुऊन उठायचं.

मिसळीची कमाई असेल, म्हणजे थोडी शेती, थोडं दुकान, थोडं व्याज, तर आपण कोकणातले बहुतेक धर्मनियमांच्या शाफई परंपरेचे: अमुकच वस्तू हरामची आहे हे नक्की माहीत नसेल तर खाणं हराम नाही, फार तर मकरूह, म्हणजे टाळलेलं बरं. घाटावरचे हनफी परंपरेचे, ते बघतात की जास्त काय आहे. हलाल जास्त असेल तर खुशाल घ्या, हराम जास्त असेल तर नको, जोवर यजमान सांगत नाही की हे हलाल पैशाचं आहे.

मग विचारायचं का, "मामू, दूध कुठल्या पैशाचं?" अजिबात नाही. मुसलमान भावाकडे गेलात, त्याने वाढलं, तर खा आणि चौकशी करू नका, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. व्याजाचं बोलायचंच असेल तर ईदनंतर एखाद्या संध्याकाळी, दोघंच असताना बोला.

आणि वाढणारी आईच असली तर? मन घेत नाही, नाही म्हणावं तर ती दुखावते. जुन्या काळचे मोठे आलिम इमाम गझाली यांनी यावर अगदी घरगुती तोडगा दिलाय: बसा, घास लहान घ्या, सावकाश चावा, पोट भरू नका. शिरखुर्म्याची वाटी तशीही लहानच असते.

पुढची चिठ्ठी द्या.