सही करणारे प्राध्यापक

मित्रहो, २०१२ सालच्या जुलै महिन्यात फ्रांकफुर्टच्या एका प्रतिष्ठित दैनिकाने एक पत्र प्रसिद्ध केलं. मायना होता ‘प्रिय नागरिकहो’. लिहिणारे होते डॉर्टमुंडचे संख्याशास्त्रज्ञ वाल्टर क्रेमर, आणि पत्राला वजन आलं ते म्युनिकचे नामवंत अर्थशास्त्रज्ञ हान्स-वेर्नर झिन यांच्या नावामुळे. त्याखाली दीडशेहून जास्त अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या सह्या होत्या. म्हणणं थोडक्यात असं होतं, की युरोपच्या शिखर परिषदेत चॅन्सेलर मेर्केल यांना जे निर्णय घेणं भाग पडलं ते चुकीचे आहेत, दुसऱ्या देशांतल्या बँकांच्या कर्जाचा बोजा जर्मन करदात्यांवर, पेन्शनरांवर आणि बचत करणाऱ्यांवर पडेल, तेव्हा आपापल्या मतदारसंघातल्या खासदाराला जाऊन हे सांगा. दुसऱ्या बाजूच्या प्राध्यापकांनीही मग आपली पत्रकं काढली. तीही सह्यांसकट.

मी ते पत्र अनेकदा वाचलं आहे. जेमतेम पानभर मजकूर. त्यात भीती आहे, इशारा आहे, बँकांची कर्जं सरकारी कर्जाच्या जवळपास तिप्पट आहेत असं एक वाक्य आहे. पण त्या आकड्यापासून त्या इशाऱ्यापर्यंत कसं पोचलो, ती वाट त्यात दाखवलेली नाही. ज्यांनी सह्या केल्या त्यांतले कित्येक जण आपल्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात अशी वाट गाळलेली असती तर तो परत पाठवणारे लोक आहेत. ही गोष्ट मला अस्वस्थ करते, आणि आज मी जे बोलणार आहे ते त्या अस्वस्थतेतूनच आलेलं आहे.

जर्मन भाषेच्या प्रदेशात अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि राजकारण हे नातं जुनं आहे. १८७२ मध्ये आयझेनाख या गावी गुस्ताव श्मोलर आणि त्यांचे सहकारी जमले. कारखान्यांतल्या मजुरांचे हाल, घरांची टंचाई, संप, यांवर सरकारने हात घालायला हवा असं त्यांचं मत होतं. त्यातून ‘फेराइन फ्युअर सोत्सिआलपोलिटीक’, म्हणजे सामाजिक धोरणाचं मंडळ, उभं राहिलं. आज जर्मन भाषक अर्थशास्त्रज्ञांची सगळ्यांत मोठी संघटना तीच. विरोधकांनी या लोकांना ‘वर्गातल्या व्यासपीठावरचे समाजवादी’ असं हिणवलं होतं.

इथे आपला एक धागा आहे तो सांगायलाच हवा. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानड्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं, आणि इंग्रजी ग्रंथांतले नियम सर्वकाळ सर्व देशांना लागू आहेत हे नाकारताना त्यांनी याच जर्मन परंपरेचा आणि जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश लिस्टचा आधार घेतला. आयझेनाखमधली चर्चा वीस वर्षांत मुळा-मुठेच्या काठी पोचली होती. डॉ. आंबेडकरांनीही १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं.

भांडणंही जुनीच. व्हिएन्नाचे अर्थशास्त्रज्ञ कार्ल मेंगर यांनी श्मोलर यांच्या, इतिहासाच्या आधारे अर्थशास्त्र मांडण्याच्या पद्धतीवर टीका करणारं पुस्तक १८८४ मध्ये त्यांना पाठवलं, तेव्हा श्मोलर यांनी ते न वाचता परत केलं आणि परत केल्याचं पत्र आपल्याच नियतकालिकात छापलं. हे आठवलं की आजच्या समाजमाध्यमांना सगळा दोष द्यायला माझं मन घेत नाही.

१९०९ मध्ये मंडळाची सभा व्हिएन्नात भरली. विषय होता राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेची उत्पादकता. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, की ‘उत्पादक’ या शब्दात तुम्ही तुमच्या इच्छा कोंबताय, त्याला शास्त्र कसं म्हणायचं? काय आहे हे शास्त्र सांगेल, काय असावं हे सांगणार नाही. लोक वेबरना चुकीचं वाचतात. प्राध्यापकाने मत ठेवू नये असं ते म्हणत नव्हते. ते स्वतः राजकारणात बुडालेले होते. त्यांचा आग्रह एवढाच, की मत आणि निष्कर्ष यांच्यामधली रेघ विद्यार्थ्याला दिसली पाहिजे, कारण वर्गात विद्यार्थी उलट उत्तर देऊ शकत नाही.

नंतरच्या काळात मत बाळगण्याची किंमतही मोजावी लागली. फ्रायबुर्गच्या वाल्टर ऑयकेन यांनी १९३३ मध्ये रेक्टर, म्हणजे कुलगुरू, झालेल्या नाझी पक्षाच्या तत्त्वज्ञ हायडेगर यांना विद्यापीठात विरोध केला, आणि १९४४ मध्ये हिटलरवरच्या हल्ल्यानंतर त्यांचे सहकारी फॉन डीत्झ आणि लांपे तुरुंगात गेले. युद्धानंतर याच फ्रायबुर्गच्या विचारातून, सरकारने खेळ खेळू नये पण नियम कडक लावावेत, या भूमिकेतून, पश्चिम जर्मनीचं आर्थिक धोरण घडलं. आजही जर्मन अर्थतज्ज्ञ कर्जाबद्दल बोलतात तेव्हा आवाजात जो नैतिक सूर लागतो, त्याचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

आता बेर्न्ड लुके यांच्याकडे येतो. सह्यांचा रस्ता कुठपर्यंत जातो हे त्यांच्या गोष्टीत दिसतं. हाम्बुर्ग विद्यापीठात ते समष्टी अर्थशास्त्र, म्हणजे सगळ्या देशाच्या अर्थव्यवस्थेचं शास्त्र, शिकवायचे. २००५ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर ‘हाम्बुर्गचं आवाहन’ काढलं, वेतन खाली आणा असं सांगणारं. अडीचशेच्या आसपास प्राध्यापक त्यामागे उभे राहिले. मग ग्रीससारख्या देशांच्या कर्जांमुळे युरोचं संकट आलं. प्राध्यापकांनी ऑनलाइन मतदान करून भूमिका ठरवावी यासाठी लुके यांनी एक व्यासपीठ उभं केलं, आणि २०११ च्या फेब्रुवारीत १८९ जणांचं पत्रक बाहेर पडलं. सरकारने ऐकलं नाही. २०१३ मध्ये लुके यांनी पक्षच काढला: ‘जर्मनीसाठी पर्याय’, म्हणजे एएफडी. वर्तमानपत्रं त्याला ‘प्राध्यापकांचा पक्ष’ म्हणत. त्या वर्षीच्या निवडणुकीत ४.७ टक्के मतं मिळाली, संसदेत शिरायला लागणारी पाच टक्क्यांची वेस थोडक्यात हुकली. पण पक्षात युरोशी काही देणंघेणं नसलेले, स्थलांतरितांवर राग काढायला आलेले लोक भरत गेले. २०१५ च्या जुलैमध्ये एसेनच्या अधिवेशनात लुके हरले आणि त्यांनी पक्ष सोडला. आज तो पक्ष किती कट्टर उजवा झाला आहे ते आपण पाहतोच.

१६ ऑक्टोबर २०१९. हाम्बुर्ग विद्यापीठाची मुख्य इमारत, दर्शनी भागावर कोरलेलं आहे: संशोधनाला, अध्यापनाला, विद्येला. आत ‘ब’ सभागृहात लुके समष्टी अर्थशास्त्राचा दुसरा अभ्यासक्रम शिकवायला आले. सभागृह, त्यांनी तो पक्ष काढला म्हणून चिडलेल्या आंदोलकांनी भरलेलं. घोषणा इतक्या, की तोंडातून शब्द निघेना. ते बाकांच्या रांगेत जाऊन बसून राहिले आणि शेवटी पोलिसांच्या संरक्षणात बाहेर पडले. पुढच्या आठवड्यातही तेच. तिसऱ्या वेळी मोठ्या पोलीस बंदोबस्तात तास झाला.

लुके यांची मतं मला पटत नाहीत. त्यांनी जे दार उघडलं त्यातून काय आत आलं याची जबाबदारी त्यांच्यावरही आहे असं मी मानतो. तरी त्या वर्गात त्यांना शिकवू द्यायला हवं होतं. ज्या मुलांना तो विषय शिकायचा होता त्यांच्याबद्दल कोणीच बोललं नाही याचं मला वाईट वाटतं.

आता समाजमाध्यमं. जर्मन विद्यापीठात ‘हेर प्रोफेसर’ या शब्दाला अजून मान आहे. पीएचडीच्या मार्गदर्शकाला तिथे ‘डॉक्टरफाटर’, म्हणजे डॉक्टरेटचा बाप, म्हणतात. शिकाऊ सहायक त्याच्यासमोर जपून बोलतो. ट्विटरवर ही उतरंड एका फटक्यात सपाट झाली: बॉनमधली संशोधक विद्यार्थिनी व्हिएन्नाच्या अध्यासनावरच्या प्राध्यापकाला ‘तुमचा आलेख चुकलाय’ असं चारचौघांत सांगू लागली. मला हे फार मोलाचं वाटतं. वाईट गोष्टीही आल्या. इझाबेला वेबर या अमेरिकेत शिकवणाऱ्या जर्मन अर्थशास्त्रज्ञ. २०२१ च्या अखेरीस त्यांनी महागाईवर किंमत नियंत्रणाचा विचार करावा असं लिहिलं, तर त्यांच्यावर अक्षरशः तुटून पडले लोक. नोबेलविजेते पॉल क्रुगमनही त्यांत होते. क्रुगमन यांनी नंतर ट्वीट काढून टाकलं आणि माफी मागितली. वर्ष उलटायच्या आत जर्मन सरकारने गॅसच्या दरांवर नेमलेल्या तज्ज्ञ समितीत वेबर होत्या.

त्याच २०२२ चा मार्च. रशियाने युक्रेनवर हल्ला केला होता, आणि प्रश्न होता की जर्मनीने रशियाचा गॅस आपणहून बंद केला तर काय होईल. रूडिगर बाखमान, मोरित्झ शुलारिक आणि आणखी सात जणांनी दोन आठवड्यांत शोधनिबंध लिहून खुला केला: राष्ट्रीय उत्पन्न अर्ध्या टक्क्यापासून तीन टक्क्यांपर्यंत घटेल. कठीण, पण झेपण्यासारखं. चॅन्सेलर शोल्त्स दूरचित्रवाणीवर संतापले. गणिती मॉडेलं घेऊन असे हिशोब मांडणं बेजबाबदारपणाचं आहे असं म्हणाले. मानहाइमचे टॉम क्रेब्स यांच्या हिशोबात नुकसान कितीतरी मोठं होतं. आठवडेच्या आठवडे ट्विटरवर वाद चालला, त्यात चिडाचीड होती, हेत्वारोपही होते. पण वाद एका ठरावीक जागेवर होता. गॅस नसेल तर कारखाना दुसऱ्या कशावर किती लवकर वळू शकतो? मॉडेलमध्ये त्याचा एक आकडा असतो आणि तो निबंधात सरळ लिहिलेला होता. एक बाजू म्हणे, काही महिन्यांत असं वळणं अशक्य, उत्पादनाची साखळी तुटेल. दुसरी म्हणे, अमोनिया बघा, तो गॅसपासून इथे बनवायचं थांबवून जहाजाने आणता येतो.

ऑगस्टच्या शेवटी रशियानेच नळ बंद केला. त्या हिवाळ्यात जर्मन कारखान्यांनी अमोनियाचं उत्पादन घटवलं आणि बाहेरून आणला. घरोघरी हीटर मंद केले गेले. पुढच्या वर्षी अर्थव्यवस्था किंचित आकसली, कोसळली नाही. बरोबर कोण होतं यावर ते अजून भांडतात, कारण बंदी मार्चमध्ये घातली असती तर काय झालं असतं हे ऑगस्टवरून पूर्ण सिद्ध होत नाही. पण ते भांडतात त्या आकड्यावर बोट ठेवून. क्रेमर आणि झिन यांच्या पत्रात बोट ठेवायला तशी जागाच नव्हती, फक्त नावं होती.